तीस एकरांमागे एक ट्रेलर

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ३०० एकरांचं एखादं तळं असेल, तर बाहेरून येणाऱ्या बोटवाल्यांची सोय किती हवी, याचं उत्तर तिथल्या नियमात भागाकाराने निघतं. ३०० भागिले ३०, उत्तर १०. काठावर जिथे बोट पाण्यात सोडायचा काँक्रीटचा उतार असतो, त्याच्या शेजारी १० गाड्या आपापल्या ट्रेलरसकट उभ्या राहतील एवढी जागा किमान असलीच पाहिजे. नियम बोटी मोजत नाही, माणसं मोजत नाही, मासे तर नाहीच नाही. तो पार्किंग मोजतो.

बोटीला पार्किंग कशाला, असं आपल्याकडच्या वाचकाला वाटणं साहजिक आहे. आपल्याकडची होडी बंदरावर बांधली जाते, बंदरातच राबते आणि तिथेच मोडीत निघते. तिकडची हौशी बोट मात्र वर्षातले बहुतेक दिवस कुणाच्या तरी घराशेजारी ट्रेलरवर, ताडपत्रीखाली पडून असते. शनिवारी तिला गाडीमागे जोडायचं, तळ्यावर न्यायचं, ट्रेलर उलटा उतारावरून पाण्यात उतरवायचा आणि बोट तरंगली की सोडवून घ्यायची. बोट पाण्यात जाते; काठावर उरतात गाडी आणि रिकामा ट्रेलर. संध्याकाळपर्यंत ही जोडी उभी कुठे करायची, एवढाच काय तो प्रश्न. पण त्याच्यावर गावच्या सभा रात्री उशिरापर्यंत चालतात, वकिलांची घरं चालतात आणि एखादं तळं नावापुरतं सार्वजनिक आहे की खरोखरीचं, हेही त्यावरच ठरतं.

हा तंटा अमेरिकेत सगळीकडेच आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो मुळापासून बघता येतो. १५ हजारांच्या आसपास तळी, सहा लाखांच्या घरात नोंदणी झालेल्या बोटी, आणि पाणी कुणाचं या प्रश्नाचा दोन शतकांहून जुना दस्तऐवज. १७८७ साली, विस्कॉन्सिन नावाचं राज्य अस्तित्वातही नव्हतं तेव्हा, ओहायो नदीच्या वायव्येकडच्या मुलखासाठी अमेरिकी काँग्रेसने एक कायदा केला. मिसिसिपी आणि सेंट लॉरेन्सला मिळणारे नौकेजोगे सगळे प्रवाह, आणि एका प्रवाहातून दुसऱ्यात होडी खांद्यावर वाहून नेण्याच्या पायवाटासुद्धा, सर्वांचे हमरस्ते राहतील आणि त्यांवर कधीही कर बसणार नाही, असं त्यात आलं. त्या काळी हमरस्ता हा शब्द अलंकारिक नव्हता. कातड्यांचे व्यापारी सालींच्या होड्यांतून बीव्हरची कातडी वाहून नेत. जंगलात दुसरा रस्ताच नव्हता. १८४८ साली राज्य झालं तेव्हा हेच तत्त्व विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदात जाऊन बसलं.

पुढे बीव्हर संपले, व्यापारी गेले, तत्त्व राहिलं. १९१४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पॉल हस्टिंग नावाच्या गृहस्थाचा खटला आला. रॉक नदीच्या पाणथळीत एका शिकारी क्लबच्या मालकीच्या जमिनीवर पाणी पसरलेलं होतं, त्यावर हस्टिंग होडी घालून बदकं मारत होता. क्लब म्हणाला, खालची जमीन आमची. न्यायालय म्हणालं, वरचं पाणी लोकांचं. होडीत बसून तिथे शिकार करणं हे अतिक्रमण नाही. हस्टिंग पुढे अमेरिकेच्या सिनेटवर गेला आणि १९१७ साली रश लेकवर, बदकांच्या शिकारीतच, भावाच्या बंदुकीची गोळी चुकून लागून मेला. त्याच्या नावाचा निकाल मात्र विस्कॉन्सिनचे वकील अजून पुढे करतात.

म्हणजे पाणी सर्वांचं, हे पक्कं. काठ मात्र ज्याच्या सातबाऱ्यावर त्याचा. तळ्याच्या मधोमध तुम्ही राजे, पण तिथवर जायला कुणाचं तरी अंगण ओलांडावं लागतं. जोवर लोक वल्ही मारत होते, हॉटेलवाल्याकडून भाड्याने होडी घेत होते, तोवर हे फारसं टोचत नव्हतं. टोचायला लागलं ते मोटर आल्यावर, आणि मोटरही विस्कॉन्सिनचीच.

ती गोष्ट अशी सांगतात. १९०६चा ऑगस्ट, मिलवॉकीजवळचं ओकाउची तळं, सहलीला आलेली तरुण मंडळी. त्यांतल्या बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं. नॉर्वेहून लहानपणी आलेला ओले इव्हिनरूड वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं. घामाघूम झालेल्या ओलेने मनाशी ठरवलं की होडीच्या मागे लटकवता येईल असं एक इंजिन करायचं. आइस्क्रीम किती वितळलं ते देव जाणे, पण १९०९ पासून इव्हिनरूडची मोटर बाजारात आली हे खरं, आणि बेसशी त्याचं लग्न झालं हेही खरं. पुढे कार्ल कीकहेफरने १९३९ साली याच राज्यात मर्क्युरीचा पाया घातला. त्या कंपनीचं ठाणं आजही फॉन द्यू लाक गावी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमच्या, मग फायबरग्लासच्या हलक्या बोटी निघाल्या, घरोघरी मोटारी आल्या, महामार्ग झाले. बोट एका तळ्याला बांधून ठेवायची गरज उरली नाही. तिला चाकं फुटली आणि एका माणसाला सगळी तळी खुली झाली. अट एकच, गाडी लावायला जागा मिळाली पाहिजे.

या जागेचं माप ठरलेलं आहे. साध्या मोटारीला नऊ-दहा फूट रुंद आणि १८ फूट लांब चौकट पुरते. ट्रेलरसकट गाडीला १० फूट बाय ४० फूट धरतात. आराखडा करणारे आणखी बरंच काही बघतात. रॅम्पचा उतार शेकडा १२ ते १५ हवा. त्याहून सपाट असेल तर बोट तरंगेपर्यंत गाडीची मागची चाकं बुडतात, त्याहून तीव्र असेल तर ओल्या काँक्रीटवर टायर जागच्या जागी फिरतात. चौकटी काटकोनात नव्हे, तिरक्या आखायच्या, म्हणजे एका तोंडाने शिरून दुसऱ्या तोंडाने सरळ बाहेर पडता येतं. वाहतूक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायची, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो आणि उलटं जाताना डाव्या खांद्यावरून मागे बघणं त्याला सोपं पडतं. आपल्याकडे असा रॅम्प कुणी बांधला तर चक्र उलटं फिरवावं लागेल. एका लेनमागे वीस-तीस ट्रेलरच्या जागा, असा साधारण ठोकताळा असतो. लेन जास्त आणि जागा कमी झाल्या तर बोटी झटपट उतरतात आणि गाड्या रस्त्यावर येतात. जागा जास्त आणि लेन एकच असली तर संध्याकाळी पाण्यात रांग लागते.

सकाळी रॅम्पच्या कडेला उभं राहिलं की चांगली करमणूक होते. मुरलेला बोटवाला आधी बाजूच्या तयारीच्या पट्ट्यात थांबतो. ट्रेलरचे पट्टे सोडतो, डबा-बर्फ बोटीत ठेवतो, बोटीच्या बुडाच्या भोकाला बूच लावलंय ना ते बघतो, आणि मगच रॅम्पकडे वळतो. उतारावर त्याचं काम दोन-तीन मिनिटांचं. नवशिका थेट उतारावर जातो आणि तिथे पट्टे सोडायला लागतो. मागे सहा गाड्या उभ्या. बूच विसरणारा तर दर शनिवारी एक असतोच. शिवाय ट्रेलर उलटा नेणं ही कला आहे. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं बूड उजवीकडे जातं, आणि कोन जरा वाढला की गाडी आणि ट्रेलर चाकूच्या पात्या-मुठीसारखे एकमेकांवर मिटतात. जाणते सांगतात, हात स्टिअरिंगच्या तळाशी धर. बूड जिकडे न्यायचं तिकडे हात ने. शिकागोच्या उपनगरांतून विस्कॉन्सिनला सुट्टीसाठी जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहींनी आता बोटी घेतल्या आहेत, आणि त्यांच्याही संसाराची परीक्षा या उतारावरच होते.

“अरे, डावीकडे घे!”

“तुझ्या डावीकडे की माझ्या?”

“बोटीच्या!”

“बोटीला डावं-उजवं असतं का, तू हाताने दाखव ना!”

यात मराठी काहीच नाही. नॉर्वेजियन, जर्मन, पोलिश आडनावांची जोडपी त्याच उतारावर हेच संवाद इंग्रजीत म्हणतात.

बोट सुटली की गाडी वर न्यायची, आणि पाट्यांचा मुलूख सुरू होतो. ‘फक्त ट्रेलर जोडलेल्या वाहनांसाठी’ ही पाटी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त मोडली जाणारी. पोहायला आलेलं कुटुंब, सूर्यास्त बघायला आलेलं जोडपं, कुत्रं फिरवणारे आजोबा आपली छोटी गाडी ४० फुटांच्या चौकटीत लावून जातात. त्यांना वाटतं, जागा तर भरपूर आहे. इथे दोघांची अडचण सारखी नसते. छोटी गाडी कुठेही मावते. ट्रेलरवाल्याला ती एकच चौकट चालते. म्हणून दंडाची पाटी छोट्या गाडीसाठी असते. उलट बाजूने ट्रेलरवाल्यालाही साध्या गाड्यांच्या दोन-तीन चौकटी आडव्या अडवायला बंदी. ट्रेलर सोडून नुसती गाडी घेऊन जेवायला जायचं नाही, तयारीच्या पट्ट्यात गाडी ठेवायची नाही, रात्रभर ठेवायची असेल तर आधी पाटी वाचायची. हे नियम बहुतेक ठिकाणी गाव किंवा काउंटी करते. दंडही त्यांचाच, आणि तपासणारा शिपाईही त्यांचाच, तो असला तर.

एक नियम पार्किंगचा नाही, पण पार्किंगच्या गर्दीतून आला आहे. संध्याकाळी घाई असते, तेव्हा लोक इंजिनच्या जोरावर बोट सरळ ट्रेलरवर चढवतात. पंख्याच्या झोताने रॅम्पच्या टोकाखालची माती उडते, काँक्रीट संपतं तिथे खड्डा पडतो, पुढे मातीचा उंचवटा साचतो. पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी ट्रेलरचं चाक त्या खड्ड्यात उतरतं आणि वर येत नाही. म्हणून अनेक रॅम्पवर त्यालाही मनाईची पाटी.

पाट्या लिहिणाऱ्यांनी गाडी, ट्रेलर, बोट असा एकच नमुना डोळ्यांपुढे ठेवला होता. दिवस बदलले. कयाकवाला बोट टपावर बांधून आणतो; बोटीसाठीच आला आहे, रॅम्पचं शुल्कही भरतो, पण ट्रेलर नाही. त्याने कुठे लावायची? काही ठिकाणी वेगळ्या चौकटी केल्या आहेत, बाकी ठिकाणी त्याच्याकडे आणि पोहणाऱ्याकडे सारख्याच रागाने बघितलं जातं. याच्या उलट टोकाला मोठ्या लाटा उठवणारी वेकबोट. चार दारांचा पिकअप १९-२० फुटांचा, त्यामागे ट्रेलरच्या दांड्यासकट पंचवीस-सव्वीस फुटांची बोट. बेरीज ४० च्या पुढे जाते आणि ट्रेलरची शेपूट मागच्या वाटेत येते. या बोटींच्या लाटांनी काठ ढासळतो आणि तळ ढवळला जातो म्हणून विस्कॉन्सिनमधल्या अनेक गावांनी अलीकडे त्यांच्यावर निर्बंध घातले. माझा अंदाज, निम्म्या गावांना त्या बोटीची पहिली ओळख पार्किंगमध्येच झाली असणार.

आता कोष्टकाकडे वळू. प्रशासकीय संहितेत त्याचा क्रमांक ‘एनआर १.९१’. ५० एकरांहून लहान तळ्यावर होडी हाताने उचलून नेता येईल अशी वाट आणि पाच गाड्यांची जागा. १०० ते ४९९ एकरांना दर ३० एकरांमागे एक जोडी, पण पाचाहून कमी नाही. ५०० ते ९९९ ला दर ३५ एकरांमागे एक, १७ हून कमी नाही. १००० ते ४,९९९ ला ५० मागे एक, २९ हून कमी नाही. ५,००० आणि त्यापुढे ७० मागे एक, १०० हून कमी नाही. दिव्यांगांसाठीची जागा याखेरीज. शिवाय एक वरची मर्यादाही आहे. सरकारने पैसे ओतून तळं बोटींनी भरून टाकू नये, यासाठी.

१७, २९, १०० हे आकडे कुठून आले, याचा मी थोडा वेळ विचार केला, आणि उत्तर सापडल्यावर कोष्टक करणाऱ्या कारकुनाबद्दल आदर वाटला. ५०० ला ३५ ने भागलं तर १४ येतात. पण ४९९ एकरांच्या तळ्याला ३० च्या हिशेबाने १७ लागतात. म्हणजे एका एकराने तळं मोठं झालं की जागा तीनने कमी! हा वेडेपणा टाळायला खालच्या पायरीचं उत्तर वरच्या पायरीचा तळ म्हणून बसवलं. ९९९ ला ३५ ने भागा, २९ जवळ येतात; ४,९९९ ला ५० ने भागा, १०० येतात. मोठ्या तळ्यांना दर उदार का नाही, यालाही कारण आहे. मोठ्या पाण्यावर वारा असतो, लाटा असतात. लोक सगळ्या पाण्यावर सारखे पसरत नाहीत.

कोष्टकाला दात नसते तर ते कपाटात राहिलं असतं. दात असे: ज्या तळ्यावर लोकांना पुरेशी वाट नाही, त्या तळ्यासाठी राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं माशांची पिल्लं सोडण्यासारख्या सेवा देणार नाही. लोकांच्या पैशाने वाढवलेले मासे चार घरमालकांच्या गळाला लागावेत, हे खात्याला पटत नाही. काठावरच्या माणसाला पार्किंग नको असतं, पण वॉलाय आणि मस्की मासे हवे असतात. तिथे तो वाटाघाटीला बसतो.

शिकागोपासून दीड-दोन तासांवरचं जिनिव्हा लेक घ्या. साधारण ५,४०० एकर. ७० ने भागलं तर ७७, पण तळाची अट १०० ची, म्हणून १००. काठावर शिकागोच्या धनिकांचे वाडे. च्युइंगगमवाल्या रिगली घराण्याचे वाडे त्यांत प्रसिद्ध. याच वाड्यांच्या पुढून, त्यांच्या हिरवळी कापत, सुमारे २१ मैलांची पायवाट तळ्याला वळसा घालते आणि कुणालाही तिच्यावरून चालता येतं. पायी येणाऱ्याला रिगलीच्या अंगणातून जाता येतं. ट्रेलर घेऊन येणाऱ्याला मात्र काठावरच्या तीन-चार गावांच्या रॅम्पवर पहाटे पोचावं लागतं. हंगामातल्या शनिवारी उशिरा आलात तर पाणी समोर दिसतं आणि चौकट मिळत नाही.

चौकट मिळाली नाही की लोक रस्त्याच्या कडेला लावतात. तिथून गावचं राजकारण सुरू होतं. तळ्याकडे जाणारा रस्ता अरुंद. दोन्ही बाजूंना ४०-४० फुटांच्या जोड्या लागल्या की अग्निशमनाचा बंब जात नाही, रुग्णवाहिका अडते. तक्रार खरी असते. गावचं बोर्ड पाव मैल, अर्धा मैल ‘ट्रेलर लावू नये’ अशा पाट्या ठोकतं. पण त्याच रस्त्यावर घरमालकांच्या पाहुण्यांच्या साध्या गाड्यांना मुभा राहिली, तर बंबाचं कारण किती खरं, असं बाहेरच्याला वाटणारच. पाण्याला कुंपण घालता येत नाही. रस्त्याच्या कडेला पाटी ठोकता येते.

शेजारच्या मिनेसोटात मिनेटोंका तळ्यावर हाच झगडा दशकानुदशकं चालला. १४ हजारांवर एकर पाणी, मिनीआपोलिसच्या श्रीमंतांची घरं, काठावर छोट्या छोट्या नगरपालिकांची गर्दी. १९८३ साली एका समितीने ट्रेलरसकट गाड्यांच्या ७०० जागांचं उद्दिष्ट ठरवलं. वीस एकरांमागे एक. मग वाद सुरू झाला तो कुठली जागा मोजायची यावर. रस्त्याकडेची चालेल का, रॅम्पपासून किती फुटांपर्यंतची धरायची, एखाद्या नगरपालिकेने उद्या पाटी ठोकली तर ती जागा आज मोजायची का. ७०० हा आकडा गाठायला लागलेल्या वर्षांत बोटींच्या दोन पिढ्या भंगारात गेल्या असतील.

पैसा कुठून येतो, हे थोडक्यात. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या सामानावरचा कर राज्यांच्या मत्स्यकामासाठी राखला. १९८४ च्या वॉलप-ब्रो दुरुस्तीने मोटरबोटींच्या इंधनावरचा कर त्यात आला. या निधीतले शेकडा १५ राज्याने बोटींच्या वाटांवर खर्च करायचे असतात. विस्कॉन्सिनचा स्वतःचा हिशेब आणखी गमतीचा: प्रत्येक मोटरबोट वर्षाला ५० गॅलन पेट्रोल पिते असं धरायचं आणि तेवढ्याचा कर जलसुविधांकडे वळवायचा. रॅम्पचं शुल्क घ्यायला गावाला परवानगी आहे, पण मूळ दर राज्याच्या उद्यानाच्या रोजच्या प्रवेशशुल्काशी बांधलेला. पास वर्षाचा असेल तर दहा दिवसांच्या शुल्काहून जास्त नाही. शुल्क वाढवून गरिबाला हाकलायचा मार्ग नियमाने असा बंद केला आहे.

काठावरच्या लोकांची बाजू मात्र नीट ऐकायला हवी, कारण ती नुसत्या आढ्यतेची नाही. १९७४ च्या कायद्याने विस्कॉन्सिनमध्ये तळ्यांचे ‘जिल्हे’ करता येतात; काठावरचे मालक जादा कर भरून पाण्यातलं तण काढतात, पाण्याची तपासणी करतात. आणि तण येतं बरेचदा ट्रेलरला चिकटून. युरेशियन मिलफॉइलचा वीतभर तुकडा पुरतो. मॅडिसनचं मेंडोटा तळं हे जगात सर्वांत जास्त अभ्यासलेल्या तळ्यांपैकी एक. तिथे २००९ साली काटेरी जलपिसू सापडली, २०१५ साली झेब्रा शिंपले. म्हणून बोटीतलं पाणी पूर्ण ओतून द्यायचं, बोट-ट्रेलरवरची वनस्पती काढून टाकायची, हा आता कायदा आहे, आणि उन्हाळ्यात स्वयंसेवक रॅम्पवर उभे राहून, आधी कुठल्या तळ्यावर होतात, असं विचारतात. हे सगळं करायलाही जागा लागते. रॅम्पवरून वर आलेली बोट दहा मिनिटं थांबून पुसायची, तर वाटेत नाही, बाजूला. म्हणजे रोग आणायचा नसेल तरी पार्किंग वाढवावं लागतं, हे तण काढणाऱ्या मालकाला सांगायची हिंमत कुणी करत नाही.

हिवाळ्यात हा प्रश्न काही महिने विरघळतो, किंवा खरं तर गोठतो. विनेबॅगो तळं १ लाख ३० हजार एकरांच्या वर. फेब्रुवारीत बर्फाला भोक पाडून भाल्याने स्टर्जन मारायचा मोसम येतो आणि हजारो गाड्या सरळ तळ्यावर जातात. मासेमारांचे क्लब बर्फावर रस्ते साफ करतात, भेगांवर लोखंडी पूल टाकतात, आणि वाट चुकू नये म्हणून टाकून दिलेली नाताळची झाडं कडेला रोवतात. क्लब वाटेचं शुल्क घेतो. एकरांचा भागाकार कुणी करत नाही.

आपल्याकडे या तत्त्वाचा एक धागा आला आहे. १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिकागोच्या किनाऱ्याला लागून असलेला मिशिगन सरोवराचा तळ रेल्वे कंपनीला दिलेला व्यवहार टिकू दिला नाही. लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळलेली वस्तू सरकारला अशी देऊन टाकता येत नाही, असं सांगितलं. १९९६ च्या डिसेंबरात बियास नदीकाठच्या हॉटेलच्या प्रकरणात, म्हणजे एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या निकालात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल विचारात घेऊन विश्वस्ततेचं तत्त्व भारतीय कायद्यात आणलं. तत्त्व मोठं आहे. पण खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी संध्याकाळी गाड्यांची जी रांग लागते, तिला किती एकरांमागे किती जागा, हे अजून कुणी लिहून ठेवलेलं नाही. तिथे ट्रेलर नाहीत. कणीस खायला आलेली माणसं आहेत. पाण्यावर हक्क त्यांचाही आहेच.

विस्कॉन्सिनच्या कोष्टकाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. ते एकाच बाजूचे लोक मोजतं. बाहेरून येणारे पाण्याच्या एकरांवर मोजले जातात. काठावरचे मोजले जातात काठाच्या फुटांवर. खासगी धक्क्याला पहिल्या ५० फूट काठामागे दोन बोटी आणि पुढच्या प्रत्येक पुऱ्या ५० फुटांमागे एक, एवढं सर्वसाधारण प्रमाण परवान्याशिवाय चालतं. सुरुवातीचं ३०० एकरांचं तळं अगदी गोल आहे असं धरू. त्याचा घेर भरतो १२,८०० फुटांच्या आसपास. काठ १००-१०० फुटांच्या प्लॉटांत विकला गेला असेल तर १२८ घरं, घरटी तीन बोटी, म्हणजे ३८४. खरी तळी गोल नसतात. वाकडातिकडा काठ आणखी लांब भरतो. सगळ्या काठावर घरं नसतात, सगळ्या बोटी एकदम सुटत नाहीत, हेही मान्य. तरी एका वहीत ३८४ आणि दुसऱ्या वहीत १०, आणि गर्दीची चर्चा निघाली की उघडली जाते ती दुसरीच वही.

दोन्ही रकाने एका कोष्टकात आणावेत, असं मला वाटतं. तळ्याला गर्दी सोसवते किती हे आधी ठरवा, मग ती धक्क्यांत आणि चौकटींत वाटा. धक्के वाढले तर चौकटीही वाढल्या पाहिजेत. हे लवकर होणार नाही, याचं कारणही साधं आहे. काठावरचा माणूस गावच्या सभेला चालत जातो आणि तिथेच मत देतो. ट्रेलरवाला मत देतो ते ६० मैलांवरच्या आपल्या गावात, जिथे तळं नाही. म्हणून तर ३० चा भागाकार गावाकडे न ठेवता राज्याने आपल्या हातात ठेवला, आणि म्हणूनच गावांच्या हाती उरल्या त्या रस्त्याकडेच्या पाट्या.